एबलटन उघडलं की रेझोल्यूममध्ये मिडी बंद: दर कार्यक्रमाला येणाऱ्या या त्रासाचं कारण आणि उपाय

रेझोल्यूम म्हणजे स्टेजमागच्या पडद्यावर दृश्यं चालवणारं सॉफ्टवेअर, आणि मिडी म्हणजे वाद्यं, कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर यांच्यातली निरोपांची भाषा. रेझोल्यूम एकटं चालू असताना कंट्रोलर अगदी नीट चालतो. पॅड मारला की क्लिप (दृश्याचा तुकडा) लागते, फेडर (सरकती पट्टी) वर केला की लेयर (दृश्याचा थर) उजळतो. मग गाण्यांच्या ट्रॅकसाठी त्याच लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर (पुढे नुसतं लाइव्ह) उघडायचं, आणि दोघांपैकी एकात तोच कंट्रोलर मुका होतो. लॅपटॉप रीस्टार्ट केला की कधी लाइव्हमध्ये चालतो आणि रेझोल्यूममध्ये नाही, कधी बरोबर उलटं. काल तालमीत सगळं ठीक होतं, आज साउंडचेकला नाही, आणि मधे कुणी कशाला हातही लावलेला नाही.

अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, केबल बदलतात, मॅपिंग पहिल्यापासून करत बसतात. कधीकधी तेवढ्यानं चालतंही, कारण या सगळ्या खटाटोपात दोन्ही प्रोग्राम वेगळ्या क्रमानं उघडले जातात. मूळ दुखणं तसंच राहतं आणि पुढच्या कार्यक्रमाला परत डोकं वर काढतं. ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचा महोत्सव असो की लग्नातला संगीताचा कार्यक्रम, मागे एलईडी वॉल आणि पुढे ऑक्टापॅड असला की हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. म्हणून सगळं एका जागी लिहितो आहे. उदाहरण विंडोज लॅपटॉपचं घेतो: त्यावर लाइव्ह आणि रेझोल्यूम अरेना, आणि समोर ऑक्टापॅड किंवा एखादा पॅड-फेडरवाला कंट्रोलर. लाइव्हच्या जागी एफएल स्टुडिओ किंवा रेझोल्यूमच्या जागी मॅडमॅपर असलं तरी कारण तेच आणि उपायाची दिशाही तीच.

मूळ कारण

विंडोजवर मिडीचा पोर्ट, म्हणजे निरोप आत-बाहेर जाण्याचं दार, वर्षानुवर्षं एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळत आला आहे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं हे आहे: जो प्रोग्राम आधी उघडला त्यानं पोर्ट धरला, नंतर आलेला उभा. गोंधळ होतो तो यामुळे, की नंतर आलेल्या प्रोग्रामलाही यादीत पोर्टचं नाव दिसतच राहतं. नाव दिसलं म्हणजे जोडणी झाली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पोर्ट उघडायला गेल्यावर विंडोज नकार देते. काही प्रोग्राम तसा इशारा दाखवतात, काही गप्प बसतात.

‘काल चालत होतं’ याचा उलगडा इथेच होतो. काल रेझोल्यूम आधी उघडलं होतं, आज लाइव्ह. ‘माझ्या मित्राकडे दोन्हीत चालतं’ याचाही उलगडा आहे: काही कंपन्या स्वतःचा ड्रायव्हर देतात आणि त्यातले काही ड्रायव्हर एकाच पोर्टवर अनेक प्रोग्रामना परवानगी देतात. मित्राचा कंट्रोलर वेगळा असेल तर त्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

मॅकवर ही अडचण मुळात नाही. तिथली कोअर मिडी व्यवस्था एकच पोर्ट हव्या तितक्या प्रोग्रामना देते. म्हणून मॅकवर शिकलेला माणूस ‘दोन्हीकडे टिक कर, झालं’ असा सल्ला देतो, आणि तो विंडोजवर लागू पडत नाही. इंटरनेटवरचे निम्मे वाद यातून झालेले दिसतात. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं मिडीची नवी व्यवस्था बनवली आहे आणि तिचा एक मुख्य हेतू हाच आहे, की एक पोर्ट अनेक प्रोग्रामना वापरता यावा. ती तुमच्या लॅपटॉपवर आली आहे का, हे वाचून ठरवण्यापेक्षा दोन्ही प्रोग्राम उघडून एक पॅड मारून बघा. दोन्हीकडे निरोप पोचला तर पुढचा उपाय तुम्हाला लागणार नाही. तरी शेवटचे भाग वाचा, कारण त्या अडचणी वेगळ्या आहेत.

पोर्ट कुणी धरला आहे ते आधी शोधा

प्रत्येक वेळी धरणारा लाइव्हच असतो असं नाही. सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे ब्राउझर. क्रोमसारख्या ब्राउझरला मिडी थेट वापरता येतं, आणि कंट्रोलरचं फर्मवेअर बदलायची, पॅडचे रंग ठरवायची बरीच पानं आज ब्राउझरमध्येच चालतात. नोव्हेशनचं कंपोनंट्स हे त्यातलं नेहमीचं. सकाळी पॅडचे रंग बदलले, टॅब तसाच मागे उघडा राहिला, आणि संध्याकाळी लाइव्ह व रेझोल्यूम दोघांनाही पोर्ट मिळत नाही. टॅब बंद केला की पोर्ट सुटतो. ब्राउझर पूर्ण बंद केला तर आणखी बरं.

दुसरी जागा म्हणजे कंपनीचं एडिटर सॉफ्टवेअर, जे खाली घड्याळाशेजारच्या चिन्हांमध्ये लपून चालू असतं. तिसरी जागा म्हणजे तपासणीचं साधन स्वतःच. विंडोजवर मिडी तपासायला मिडी-ऑक्स वापरतात. ते उत्तम आहे, पण तेही पोर्ट धरूनच ऐकतं. ते उघडं ठेवून लाइव्हमध्ये मिडी येतं का बघायला गेलात, तर येणार नाहीच.

म्हणून तपासणीचा क्रम पक्का ठेवा. सगळं बंद करा: लाइव्ह, रेझोल्यूम, ब्राउझर, एडिटर. फक्त मिडी-ऑक्स उघडा आणि पॅड मारा. ओळ उमटली म्हणजे पॅड, केबल, यूएसबी आणि ड्रायव्हर निर्दोष आहेत. आता मिडी-ऑक्स बंद करून फक्त रेझोल्यूम उघडा आणि बघा. ते बंद करून फक्त लाइव्ह उघडा आणि बघा. दोघंही एकेकटे चालतात पण एकत्र नाहीत, एवढं सिद्ध झालं की ड्रायव्हरच्या मागे लागायचं काही कारण उरत नाही. या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि तिच्यामुळे अख्खी दुपार वाचते.

मिडी-ऑक्समध्येच काही उमटलं नाही तर मात्र अडचण हार्डवेअरच्या बाजूला आहे. केबल फक्त चार्जिंगची आहे का, ते पहिलं बघा. मोबाइलच्या जुन्या केबलींमध्ये अशा बऱ्याच असतात: कंट्रोलरचे दिवे लागतात आणि लॅपटॉपला मात्र काही दिसत नाही. एसपीडी-२० सारख्या जुन्या ऑक्टापॅडला यूएसबी नाही, पाच पिनांचा गोल सॉकेट आहे, म्हणून मधे यूएसबी-मिडी केबल लागते. स्वस्त केबलीवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं आणि ते केबलीच्या बाजूनं लिहिलेलं आहे की वाद्याच्या, हे कळत नाही. नियम एवढाच, की वाद्याच्या आउटमधून निघालेला निरोप केबलीच्या इनमध्ये गेला पाहिजे. शंका आली तर दोन्ही प्लग अदलाबदल करून बघा. मिडीच्या जोडणीत दोन्ही उपकरणं विजेच्या दृष्टीनं एकमेकांपासून अलग ठेवलेली असतात, त्यामुळे उलटं लावल्यानं काही जळत नाही.

मी सुचवतो तो उपाय: पोर्ट लाइव्हला द्या, रेझोल्यूमला आभासी पोर्ट द्या

हा उपाय ऑक्टापॅडवाल्या कार्यक्रमांना सगळ्यात चांगला बसतो, कारण ऑक्टापॅडचा आवाज आणि वॉलवरचं दृश्य दोन्ही एकाच फटक्यावर हवं असतं.

लूपमिडी नावाचं छोटं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये आभासी मिडी पोर्ट तयार करतं. त्याच्या एका टोकाला जे घालाल ते दुसऱ्या टोकाला निघतं. खाजगी वापराला ते मोफत आहे. पैसे घेऊन कार्यक्रम करणाऱ्यांनी परवान्याच्या अटी वाचून घ्याव्यात. ते टाकून अधिकच्या बटणानं एक पोर्ट बनवा आणि त्याला ओळखता येईल असं नाव द्या, उदाहरणार्थ ‘व्हिज्युअल’. लूपमिडी चालू असेपर्यंतच हा पोर्ट अस्तित्वात असतो, म्हणून विंडोजबरोबर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावून ठेवा. लाइव्ह आणि रेझोल्यूम नेहमी त्याच्यानंतर उघडा.

आता लाइव्हच्या सेटिंग्जमध्ये लिंक, टेम्पो, मिडी या पानावर या. तिथे प्रत्येक पोर्टसमोर ट्रॅक, सिंक, रिमोट असे खटके असतात. इनपुटमध्ये ऑक्टापॅडसमोर ट्रॅक चालू करा. आउटपुटमध्ये ‘व्हिज्युअल’समोर ट्रॅक चालू करा. इनपुटच्या यादीतही ‘व्हिज्युअल’ दिसेल, तिथले सगळे खटके बंद ठेवा. हे विसरलं तर लाइव्हनं पाठवलेला निरोप लाइव्हलाच परत येतो, तो पुन्हा पुढे जातो, आणि चक्र सुरू होतं. लूपमिडी असं चक्र ओळखून पोर्ट गप्प करतं, त्यामुळे ‘आत्ता चालत होतं, अचानक थांबलं’ असं झालं तर लूपमिडीची खिडकी उघडून पोर्टची अवस्था बघा.

मग एक नवा मिडी ट्रॅक घ्या. मिडी फ्रॉममध्ये ऑक्टापॅड आणि सगळे चॅनल (एकाच पोर्टमधले क्रमांक दिलेले वेगळे मार्ग), मॉनिटर ‘इन’वर, आणि मिडी टूमध्ये ‘व्हिज्युअल’. या ट्रॅकवर कोणतंही वाद्य टाकू नका. टाकलंत की मिडी टूच्या जागी ऑडिओ टू दिसायला लागतं आणि पुढचा रस्ता बंद होतो. आवाजासाठी नेहमीचा ड्रम रॅकचा ट्रॅक वेगळा राहू द्या, त्याचाही मिडी फ्रॉम ऑक्टापॅडच. लाइव्हच्या आत एकाच पोर्टवरून हवे तितके ट्रॅक ऐकू शकतात, तिथे मक्तेदारी नाही.

रेझोल्यूमच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावर ‘व्हिज्युअल’ला टिक करा आणि ऑक्टापॅडची टिक काढा. ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे. ती काढली नाही, आणि एखाद्या दिवशी रेझोल्यूम आधी उघडलं गेलं, तर पोर्ट तेच धरून बसेल आणि लाइव्ह उपाशी राहील. शेवटी शॉर्टकट्स मेनूतून मिडी एडिट चालू करा, क्लिपवर क्लिक करा, पॅड मारा. मॅपिंग एकदा नव्यानं शिकवावं लागेल, कारण आता निरोप वेगळ्या पोर्टवरून येतो आहे.

यात उशीर होतो का, हे हमखास विचारलं जातं. लाइव्हचा ऑडिओ बफर (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) ५१२ सॅम्पलचा आणि सॅम्पल रेट ४८,००० असेल, तर एक बफर साधारण १०.७ मिलिसेकंदांचा होतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. दृश्याला हा उशीर जाणवत नाही.

या पद्धतीचे दोन फायदे ती वापरायला लागल्यावरच कळतात. एक म्हणजे त्या व्हिज्युअलच्या ट्रॅकवर तुम्ही मिडी क्लिपही ठेवू शकता. गाण्याच्या ठरलेल्या मात्रेवर दृश्य बदलायचं असेल तर तिथे नोट लिहून ठेवायची, ऑपरेटरला हात लावावा लागत नाही. दुसरा फायदा पोर्टच्या नावाचा. तोच कंट्रोलर वेगळ्या यूएसबी सॉकेटला लावला की विंडोज त्याच्या नावापुढे ‘२-’ असा आकडा लावून नवं नाव देऊ शकते. प्रोग्रामच्या दृष्टीनं ते नवंच यंत्र असतं, त्याच्यापुढे टिक नसते, आणि वरकरणी काहीही न बदलता मिडी बंद पडतं. आभासी पोर्टचं नाव मात्र तुम्ही ठेवलेलं असतं, ते बदलत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुसऱ्याचा ऑक्टापॅड मागून आणावा लागला तरी लाइव्हमधल्या मिडी फ्रॉममध्ये तो निवडायचा आणि पॅडचे नोट क्रमांक जुळवायचे. रेझोल्यूमला हातही लावावा लागत नाही.

मर्यादाही सांगतो. लाइव्हच्या ट्रॅकमधून बाहेर पडताना सगळे चॅनल एकाच चॅनलवर येतात. सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एखाद्या कंपनीच्या यंत्रापुरते खास, संदेश पुढे जात नाहीत. लाँचपॅड किंवा एपीसीसारखं यंत्र लाइव्हमध्ये कंट्रोल सरफेस (लाइव्हच चालवणारं यंत्र) म्हणून नेमलं असेल तर त्या यंत्रणेनं ताब्यात घेतलेली बटणं ट्रॅकपर्यंत पोचतच नाहीत. मिडी मॅपिंगनं एखादी नोट लाइव्हच्या बटणाला जोडली असेल तर ती नोटही ट्रॅकला मिळत नाही. एकच पॅड गप्प आणि बाकीचे चालतात असं दिसलं तर कंट्रोल आणि एम दाबून मॅपिंगची यादी उघडा, तो पॅड तिथे सापडतो.

तुमच्याकडे मॅक्स फॉर लाइव्ह (लाइव्हमध्ये जादा उपकरणं चालवणारी जोड) असेल तर आणखी एक रस्ता आहे. रेझोल्यूमनं लाइव्हसाठी स्वतःची छोटी उपकरणं दिली आहेत, ती मिडी बाजूला ठेवून ओएससीनं, म्हणजे नेटवर्कवरून निरोप पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीनं, बोलतात. रेझोल्यूममध्ये ओएससी इनपुट चालू करायचं, त्याचा नेहमीचा नेटवर्क पोर्ट क्रमांक ७००० असतो, आणि लाइव्हमधली क्लिप लागली की रेझोल्यूममधली ठरलेली क्लिप लागते. लाइव्हच्या सेशनप्रमाणे दृश्यं चालवणाऱ्यांना हे जास्त सोयीचं पडेल. ऑक्टापॅडच्या फटक्यांसाठी मी तरी आभासी पोर्टच पसंत करतो, कारण तिथे बघण्यासारखी जागा कमी आणि काही अडलं तर कुठे अडलं ते लगेच कळतं.

आणि खिशाला परवडत असेल तर तिसरा, सगळ्यात साधा उपाय: दोन कंट्रोलर, प्रत्येक प्रोग्रामला एक. कॉर्गचं नॅनोकंट्रोल २ सारखं लहान यंत्र रेझोल्यूमच्या लेयरना पुरतं. ते जोडताना मार्कर सेट आणि सायकल ही बटणं दाबून धरली की ते सीसी मोडमध्ये, म्हणजे साधे मिडी आकडे पाठवायच्या पद्धतीत, सुरू होतं. ते केलं नाही तर एखाद्या वेळी दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलत राहतं आणि मॅपिंग विचित्र वागतं. दोन्ही यंत्रं लाइव्हलाच जोडणार असाल तर त्यांचे चॅनल वेगळे ठेवा. लाइव्हचं मॅपिंग चॅनल आणि क्रमांक बघतं, यंत्र कोणतं ते बघत नाही, त्यामुळे दोघांचे चॅनल आणि क्रमांक सारखे असले तर एकाचा नॉब दुसऱ्याचं काम करतो.

निरोप पोचतो, तरी वागणूक चुकीची

पॅड मारला आणि काहीच झालं नाही, पण रेझोल्यूमचा मिडी दिवा लुकलुकतो. इथे आधी दुहेरी निरोपाचा संशय घ्या. क्लिप किंवा इफेक्ट टॉगलवर (एका निरोपानं चालू, पुढच्यानं बंद) असेल आणि एका फटक्याला दोन निरोप येत असतील, तर पहिल्यानं चालू होतं, दुसऱ्यानं त्याच क्षणी बंद. डोळ्याला काहीच झालेलं दिसत नाही. मिडी-ऑक्समध्ये ‘व्हिज्युअल’ पोर्ट ऐकत एक पॅड एकदाच मारा, तेवढ्यापुरतं रेझोल्यूम बंद ठेवा. आकडे सारखे असलेल्या दोन नोट-ऑन ओळी एकाखाली एक आल्या तर पकडलंत. कारण बहुधा असं असतं, की ऑक्टापॅड यूएसबीनंही जोडला आहे आणि पाच पिनांच्या केबलनंही, किंवा लाइव्हमध्ये दोन ट्रॅक एकाच आभासी पोर्टला पाठवत आहेत. मिडी-ऑक्समध्ये एकच ओळ येत असेल तर रेझोल्यूममध्ये खऱ्या पोर्टची टिक राहिली आहे का ते बघा.

दुसरी तक्रार: दृश्य लागतं पण क्षणात विझतं. रेझोल्यूममध्ये पियानो मोड असेल तर नोट चालू असेपर्यंतच क्लिप चालते. कीबोर्डवर बोट दाबून ठेवता येतं, ऑक्टापॅडवर काठी लागते आणि उडते. नोट किती वेळ चालू राहणार हे ऑक्टापॅडमधल्या गेट टाइमवर ठरतं. दोनांपैकी एक करा: रेझोल्यूममधला पियानो मोड काढा, किंवा त्या पॅडचा गेट टाइम वाढवा. ताशाच्या कडकडाटावर वॉल लखलखती हवी असेल तर पियानो मोड आणि छोटा गेट टाइमच छान दिसतो. म्हणजे हा दोष नाही, जुळवणीचा प्रश्न आहे. काय दिसायला हवं ते वाजवणाऱ्याशी बोलून ठरवा.

तिसरी तक्रार फक्त स्टेजवर येते, घरी कधीच नाही: कुणी हात न लावता क्लिप बदलतात. ऑक्टापॅडचा स्टँड सबवूफरजवळ असेल किंवा शेजारी ढोल असेल तर कंपनानं पॅड स्वतःच नोट पाठवतो. पॅडच्या सेटिंगमधला थ्रेशोल्ड (किती जोराचा फटका मोजायचा ती मर्यादा) वाढवा. एक पॅड मारल्यावर शेजारचाही लागत असेल तर क्रॉसटॉक कॅन्सल वाढवा. थ्रेशोल्ड किती, हे पूर्ण आवाजात साउंडचेक चालू असतानाच ठरवायचं. शांत खोलीत ठरवलेला आकडा स्टेजवर निरुपयोगी ठरतो. फार वाढवलात तर हलके ठेके गळतात, तेव्हा वादकाला सगळ्यात हळू वाजवायला सांगा आणि ते ठेके पोचतात त्या आकड्यावर थांबा.

चॅनल आणि नोटांच्या नावांचा घोळ लवकर मिटतो. ऑक्टापॅड आणि बहुतेक ड्रमयंत्रं मूळ सेटिंगमध्ये चॅनल १० वर पाठवतात, ट्रॅक चॅनल १ वर ऐकत असेल तर शांतता. साठ क्रमांकाच्या नोटेला लाइव्ह सी३ म्हणतं आणि काही कंपन्या सी४ म्हणतात, म्हणून कागदावर मॅपिंग लिहिताना नाव लिहू नका, क्रमांक लिहा.

नॉब हलवला की दृश्याची तीव्रता एकदम उडी मारते, याचं कारण नॉबची खरी जागा आणि स्क्रीनवरची किंमत जुळलेली नसते. साधा नॉब ० ते १२७ मधला आकडा पाठवतो, तो सध्या कुठे आहे ते सॉफ्टवेअरला हलवेपर्यंत माहीत नसतं. लाइव्हमध्ये टेकओव्हर मोड ‘पिक-अप’ केला की नॉब त्या किमतीला ओलांडेपर्यंत काही होत नाही आणि उडी थांबते. न थांबता गोल फिरणारा नॉब असेल आणि किंमत मागेपुढे नाचत असेल, तर तो रिलेटिव्ह पद्धतीनं (किती फिरला एवढंच) पाठवतो आणि सॉफ्टवेअर त्याला ॲब्सोल्यूट (नेमकी जागा) समजतं. मॅपिंगमध्ये ती पद्धत बदला किंवा कंट्रोलरच्या एडिटरमध्ये नॉबच ॲब्सोल्यूट करा.

लाँचपॅड एक्ससारखी यंत्रं विंडोजमध्ये दोन पोर्ट दाखवतात. एक लाइव्हच्या सेशनसाठी, दुसरा साध्या नोटांसाठी आणि त्याच्या नावात ‘मिडीइन२’ असतं. रेझोल्यूमला दुसरा हवा असतो, आणि पहिला निवडला म्हणून अडकलेले लोक मी बरेच पाहिले आहेत. पॅडचे दिवे भलतेच लुकलुकत असतील तर दोन प्रोग्राम एकाच यंत्राला रंग पाठवत आहेत. मॅकवर हे जास्त घडतं, कारण तिथे दोघांनाही पोर्ट मिळतो. दोघांपैकी एकातलं आउटपुट बंद करा.

मधेच तुटणं

दहा-पंधरा मिनिटं नीट आणि मग कंट्रोलर गायब, असं असेल तर वीज बघा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, आणि विजेचा स्वतंत्र पुरवठा नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांना भागवतो. दिवेवाला कंट्रोलर, ऑडिओ इंटरफेस आणि डोंगल एकाच हबवर टाकू नका. कंट्रोलर थेट लॅपटॉपला, बाकीचं हबवर. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. ज्या सॉकेटला तालमीत लावलं त्यालाच कार्यक्रमात लावा, सॉकेटशेजारी टेपचा तुकडा चिकटवून ठेवा.

केबलची लांबीही मोजा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत आणि पाच पिनांची मिडी केबल १५ मीटरपर्यंत वापरायची असते. स्टेजवरून एलईडीच्या टेबलापर्यंतचं अंतर मैदानातल्या कार्यक्रमात याहून सहज जास्त असतं.

वॉलचा संगणक वेगळा असेल तर

मोठ्या कार्यक्रमात रेझोल्यूम एलईडीवाल्यांच्या संगणकावर असतं आणि लाइव्ह तुमच्या लॅपटॉपवर. मग एका पोर्टची भांडणं संपतात आणि नेटवर्कची सुरू होतात. दोन्ही यंत्रांमध्ये लॅन केबल टाका. हॉलच्या वायफायवर विसंबू नका, प्रेक्षक आत आले की तिची अवस्था बदलते. विंडोजवर आरटीपीमिडी टाकलं की दोन यंत्रांमध्ये नेटवर्कवरून मिडी पोर्ट तयार होतो, मॅकमध्ये ही सोय आतच आहे आणि दोन्ही एकमेकांशी बोलतात. यादीत समोरचं यंत्र दिसतं पण जोडणी होत नाही, तेव्हा बहुतेकदा फायरवॉल अडवत असते. फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ५००४ आणि ५००५ ला परवानगी द्या. ओएससी वापरणार असाल तर ७००० ला. विंडोजनं त्या नेटवर्कला ‘पब्लिक’ धरलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करून बघा.

टेम्पोसाठी मिडी क्लॉक (लय जुळवण्याचे ठोके) पाठवायच्या भानगडीत इथे पडू नका. क्लॉक म्हणजे दर मात्रेला २४ ठोके, १२० च्या लयीत सेकंदाला ४८, आणि मधला एखादा उशिरा आला की रेझोल्यूमचा बीपीएम थरथरतो. लाइव्ह आणि रेझोल्यूम दोघांनाही एबलटन लिंक (नेटवर्कवरून लय जुळवण्याची सोय) येतं. एकाच नेटवर्कवर दोन्हीकडे लिंक चालू केलं की लय जुळते, आणि क्लॉकसाठी लावलेला सिंकचा खटका लाइव्हमध्ये बंद करता येतो. हे दोन्ही एकाच लॅपटॉपवर असले तरीही चालतं.